बावीस कलमांची वही

३ एप्रिल, गुरुवार

फॉर्म आला. सोळा पानं! एका पोरीला शाळेत घालायला सोळा पानं. पिन तिरकी मारलेली, तीही गंजकी. आधी ती काढली, कडा जुळवल्या, मग वाचायला घेतला. बाइंडरच्या घरी असले कागद पाठवताना लोकांना काहीच कसं वाटत नाही?

नव्या हायस्कूलचा 'विशेष सहाय्य' फॉर्म. मुलीला काय येतं, काय येत नाही, कशाचा त्रास होतो, शाळेने काय करावं. मुकादम गेल्या महिन्यात तेरा वर्षांची झाली. (घरात तिला सगळे मुकादमच म्हणतो. चार वर्षांची असताना दुकानात स्टुलावर बसून शिवून झालेल्या पुस्तकांच्या थप्प्या मोजायची. एक जरी कमी भरलं तरी मला जेवायला उठू द्यायची नाही!) डॉक्टरांच्या कागदावर 'स्वमग्नता' लिहिलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर तिला अचानक काही झालेलं चालत नाही. त्यातही आवाज. भांडं पडलं, दार आपटलं, शेजारी कोणी शिंकलं की ती कानांवर हात दाबून खाली बसते. मग अर्धा तास कोणाचंही काही चालत नाही.

म्हणून घरात एक नियम आहे. आवाज करायच्या आधी 'आवाज!' म्हणायचं. मिक्सरच्या आधी, खिळा ठोकायच्या आधी, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी. बायको दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, तिला तिथेही तीच सवय. मशीन सुरू व्हायच्या आधी 'आवाज!' म्हणते. पेशंट खूश. आता डॉक्टरही म्हणतात.

रकाना चौदा : 'कुटुंबात आणखी कोणाला अशी अडचण आहे किंवा होती का?' नाही. सोळा पानांत एवढं एकच उत्तर विचार न करता लिहून टाकलं.

४ एप्रिल, शुक्रवार

शाळेच्या समुपदेशक बाईंचा फोन. आवाज गोड, मजकूर कडू. "मुलीसाठी काय काय लागेल त्याची योजना लिहून आणा. ती बघून आम्हाला जमेल का ते ठरवू." म्हणजे प्रवेश अजून हवेतच!

यांनी नाही म्हटलं तर उरते ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाची विशेष शाळा. दोन बस बदलायच्या. माणसं प्रेमळ आहेत, पाहून आलोय. पण तिथलं गणित भागाकाराशी थांबतं. आणि आमच्या मुकादमाने गेल्या महिन्यात माझ्याकडे बांधायला आलेल्या जुन्या गणिती तक्त्यांत छपाईची चूक पकडली! सातव्या आकड्यात! ग्राहक प्राध्यापक. ते चष्मा काढून बघत राहिले. मी आपला पुठ्ठे चिकटवायची खळ ढवळत होतो, जणू आमच्याकडे हे रोजचंच.

भागाकाराशी थांबणाऱ्या शाळेत ती काय करेल? 

६ एप्रिल, रविवार

शाळा बघून आलो. रविवार होता, वर्ग रिकामे. शिपाईमामांनी स्वतः येऊन फाटक उघडलं. मोठी मिशी, हातात किल्ल्यांचा जुडगा. तो वाजू नये म्हणून त्यांनी मुठीत धरून ठेवला होता. कोणी सांगितलं असेल त्यांना? की माणूसच तसा आहे?

आत्ताची तिची शाळा म्हणजे पन्नास पोरं आणि एक अंगण. तास संपला की बाई हिरवा रुमाल हलवतात. इथे नऊशे पोरं. जिन्याच्या भिंतीवर लोखंडी घंटा, विजेवर चालणारी. तिचं बटण फाटकाजवळ मामांच्या खोलीत. मुकादमाने विचारलं, "दिवसातून किती वेळा?"

"अकरा वेळा, बाळ. वाजवून दाखवू का?"

"नाही!!" हे मी. असा ओरडलो की तीन मजले घुमले. मुकादम कान दाबून जिन्यात बसली. घंटा वाजलीच नाही आणि पोरगी घाबरली ती बापाच्या ओरडण्याने! आधी 'आवाज' म्हणायचं विसरलो, मी, नियम करणारा. मामांनी तिच्यापासून चार पायऱ्या खाली बसून घेतलं. वीस मिनिटांनी ती उठली आणि म्हणाली, "अकरा म्हणजे आठवड्याला पंचावन्न." जिना उतरताना पायऱ्याही मोजल्या. बेचाळीस.

९ एप्रिल, बुधवार

योजना लिहितोय. बावीस कलमं झाली. मागच्या बाकावर, भिंतीला पाठ टेकून बसवावे. मोठ्याने वाचायला सांगू नये. डबा खायला वेगळी खोली द्यावी. बाकीच्या मुलांनी तिच्याशी हळू बोलावे. घंटेच्या आधी तिला वर्गाबाहेर न्यावे. दार नेहमी दिसेल असे बसवावे. लिहायला बसलो की सुचतच जातं. आपल्याला जणू सगळं आतूनच माहीत आहे.

बायकोने वाचलं. म्हणाली, "एवढ्या अटी तर आपल्या लग्नातही नव्हत्या."

१२ एप्रिल, शनिवार

आज बांधली!

एका कलमाला एक पान. पानं नीट दुमडून त्यांच्या सहा जुड्या, म्हणजे फर्मे केले, मेण लावलेल्या दोऱ्याने शिवले, पाठीला खळ, वर निळं कापड. दिवसभर शिकंज्यात दाबून ठेवली. शेवटी कापडावर सोनेरी अक्षरात 'शाळेसाठी योजना', खाली तिचं नाव. पंचवीस वर्षांत इतकी सुबक वही माझ्या हातून झाली नसेल. उघडली की सपाट पडते, मिटली की एक पान पुढे येत नाही. नेऊन आपटतो त्यांच्या टेबलावर! (आपटणार नाही. आवाज.)

१६ एप्रिल, बुधवार

तोंडात मारल्यासारखं झालं.

आम्ही दोघं, मुख्याध्यापिका आणि समुपदेशक बाई. मुकादम घरी, माझ्या बहिणीजवळ, आक्काजवळ. सुरुवात बरी झाली. मग मला शिंक आली. सवयीने मोठ्याने म्हणालो, "आवाज!" मुख्याध्यापिकांनी टेबल धरलं, समुपदेशक बाईंनी खिडकीकडे बघितलं, आणि मी शिंकलो. बायको इतकी हसली की तिलाच उचकी लागली. नियम समजावून सांगितला तेव्हा मुख्याध्यापिकाही हसल्या. म्हणाल्या, "आमच्या स्टाफरूममध्ये लावायला हवा."

त्यांनी वही हातात घेतली. पाठीवरून बोट फिरवलं. "फार सुंदर बांधलीय." माझी कॉलर ताठ! मग त्यांनी पानं उलटली, परत उलटली आणि विचारलं, "पण यात बदल कुठे करायचा? ही योजना दर तीन महिन्यांनी तपासतात. काही काढायचं असतं, काही घालायचं असतं. आम्ही सुटी पानं ठेवतो, फाइलला."

सुटी पानं! मला, बाइंडरला! सगळा जन्म सुटी पानं बांधण्यात गेला. ती सुटी ठेवायची असतात हे माझ्या डोक्यात येणार कुठून?

आणि मग दुसरा प्रश्न. "यातलं मुलीने काय सांगितलंय?"

 बावीस कलमांत एकही तिचं नाही. विचारलंच नाही तिला. दोन मेला परत बोलावलंय. "तिला घेऊन या. तिलाच बोलू द्या. निर्णय त्या दिवशी देऊ."

तिलाच बोलू द्या म्हणे! अनोळखी माणसासमोर ती स्वतःचं नाव सांगत नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

 दिवसभर पुठ्ठे कापले. नको तेवढे.

२० एप्रिल, रविवार

वही टेबलावर तशीच पडून होती. मुकादम आली, स्टूल ओढलं. (आधी "आवाज" म्हणून.) "बाबा, हे सोडवू का?"

माझी सगळ्यात सुबक वही! पण हो म्हटलं.

पोरीने काय सोडवलं! ओल्या फडक्याने पाठ मऊ केली, कापड हळूच सोललं. प्रत्येक फर्म्याच्या मधोमध पातं घालून दोरा कापला. ओढला नाही, कापला. ओढला असता तर पानं फाटली असती. घडीवर पट्टी धरून पानं सुटी केली. एक कोपरा दुमडला नाही. मी हे तिला कधीच शिकवलेलं नाही! नऊ वर्षं स्टुलावर बसून नुसतं बघत होती. अंगावर मूठभर मांस चढलं.

मग तिने कागदाच्या तीन चिठ्ठ्या लिहिल्या : 'हवं', 'नको', 'बघू'. आणि एकेक पान वाचत त्यांखाली ठेवायला लागली.

'मोठ्याने वाचायला सांगू नये' — नको. मी म्हटलं, अगं, का? "मला आवडतं. तो आवाज माझा असतो."

'मुलांनी हळू बोलावे' — नको. "मग ऐकू येत नाही."

'डबा खायला वेगळी खोली' — नको. "मग मला मैत्रीण कशी मिळेल?"

हे ऐकून मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेलो. मैत्रीण! तिला मैत्रीण हवी असेल हे मला सुचलंच नव्हतं. तिच्या बापाला!

परत आलो तर चौथा गठ्ठा. त्यावर चिठ्ठी नाही. चार पानं. भिंतीला पाठ टेकून बसवणे, दार नेहमी दिसणे, घंटेच्या आधी बाहेर नेणे, मागून कोणी हाक न मारणे. "ही कुठली?"

"ही माझी नाहीत. मला खिडकीपाशी बसायचंय. ही तुझी."

माझी म्हणजे मीच लिहिलेली ना, सगळीच माझी. जरा लागलं मनाला. पण हिशेब असा : हवं – तीन, बघू – दोन, नको – तेरा. आणि ती चार. बावीस. मुकादमाचा ताळा चुकत नाही.

२३ एप्रिल, बुधवार

तिच्या शाळेला सुट्टी लागलीय, हायस्कूल अजून चालू आहे. सोमवारपासून रोज शाळेच्या फाटकासमोरच्या बाकावर जाऊन बसतो, ती आणि मी. तिचाच हट्ट. हातात घड्याळ, मांडीवर माझ्या दुकानातल्या कातरणांची वही. घंटा होते, ती लिहिते. पहिल्या दिवशी दोन्ही हात कानांवर होते आणि आकडे मला सांगून लिहून घेत होती. आज एक हात कानावर, दुसऱ्याने लिहिणं! तीन दिवसांत! रस्ता मध्ये असला म्हणून काय झालं, ती घंटा रस्ता ओलांडून येते.

माझा चहा सांडला दोनदा. कागदी कप फार पातळ असतात. आज तर मी मधल्या सुट्टीच्या वेळी दोरा आणायला म्हणून मागच्या गल्लीत गेलो. दोरा घरी भरपूर आहे. उगाच गेलो.

आल्यावर मुकादमाने विचारलं, "दोरा कुठाय?"

"नव्हता."

तिने तेही वहीत लिहिलं की काय कोण जाणे.

२७ एप्रिल, रविवार

आक्का आली. माझी मोठी बहीण. मला लहानाचा मोठा तिनेच केला. मुकादमाशी तिचं बरं जमतं, दोघी तासभर एकमेकींशी न बोलता बटणं निवडतात.

जेवताना घंटेचा विषय निघाला. आक्का बायकोला म्हणाली, "अगं, हा पण तसलाच! शाळेची घंटा झाली की खिडकीतून उडी! एकदा तर जिन्याखाली सापडला, संध्याकाळी. मास्तर म्हणायचे, द्वाड आहे."

"मला शाळा आवडत नव्हती, एवढंच," मी म्हटलं.

"आवडत नव्हती? शाळेत जायला मिळावं म्हणून रडायचास! शाळा सोडलीस तेव्हा पुस्तकं परत द्यायला तयार नव्हतास."

"आक्का, भाजी वाढू?"

बायको माझ्याकडे बघत राहिली. दवाखान्यात एक्स-रे बघते तसं. मी ताट उचललं. जुनी मढी कशाला उकरायची! आठवीत शाळा सोडली, छापखान्यात लागलो, यंत्राने डोकं उठायचं म्हणून ते सोडलं, बाइंडिंग धरलं. यात सांगण्यासारखं काय आहे? आक्काला बसपर्यंत सोडून आलो. बस सुटेपर्यंतही थांबलो नाही. वाईट वागलो.

१ मे, गुरुवार

उद्या. मुकादमाने पाच पानं स्वतःच्या अक्षरात लिहून काढलीत. रंगीत तालीम करू का विचारलं, तर म्हणते, "नको. मग ते दोनदा होईल."

२ मे, शुक्रवार

कुठून सुरू करू! 

सगळं क्रमाने लिहितो.

मुख्याध्यापिकांची खोली. त्या, समुपदेशक बाई, आम्ही तिघं, आणि दाराशी शिपाईमामा. त्यांना मुकादमाने बोलवायला लावलं होतं! आधीच फोन करून. कधी केला? बायकोला माहीत होतं. मला नव्हतं.

मुकादम उभी राहिली. कोणाकडे न बघता, टेबलाच्या काठाकडे बघत, पानं हातात धरून मोठ्याने वाचायला लागली. खणखणीत! माझ्या पोरीचा आवाज इतका मोठा आहे?

"एक. मला खिडकीपाशी बसायचं आहे. दोन. मला सहन होत नसेल तेव्हा मी बाकावर निळं कार्ड ठेवीन आणि पाच मिनिटं बाहेर जाईन. कोणी कारण विचारू नये. परत आल्यावर पण विचारू नये. तीन. काही बदलणार असेल तर आदल्या दिवशी सांगावं."

समुपदेशक बाई म्हणाल्या, "आगीच्या सरावाची घंटा आम्ही कोणालाच आधी सांगत नाही. तोच तर सराव असतो."

"मला सांगा. मी कोणाला सांगणार नाही. मी फार कमी बोलते."

मुख्याध्यापिकांनी तोंडाला रुमाल लावला.

"चार. घंटा." तिने कातरणांची वही काढली. "तीन दिवसांत तेहतीस घंटा झाल्या. वेळेवर चार. सगळ्यात उशिरा, तीन मिनिटं वीस सेकंद. बुधवारी चौथी घंटा दोन मिनिटं दहा सेकंद उशिरा झाली. तेव्हा मामा चहा पीत होते."

मामांची मिशी हलली. "हे पण लिहिलंय?"

"हो. बशीत ओतून."

मला वाटलं, संपलं! बिचाऱ्या माणसाचं नाक कापलं सगळ्यांसमोर, आता कसला प्रवेश. पण मुकादम पुढे वाचत होती. "मला घंटा बंद नको. मोठी आहे ते चालेल. मला ती कधी होणार ते माहीत नसतं, म्हणून त्रास होतो. मामांचं घड्याळ आणि माझं घड्याळ एक करा. मग मी आधीच कानांवर हात ठेवीन आणि दहा सेकंदांत परत लिहायला लागेन."

नऊ वर्षं मी आवाज कमी करत आलो. दारांना रबर लावलं, खुर्च्यांच्या पायांना जाड लोकरी नमदा. आणि तिला हवी होती फक्त वेळ! ती मागायची कशी हे तिला कळलं होतं. मला नव्हतं.

मामा पुढे आले. "मॅडम, बावीस वर्षं झाली घंटा वाजवतोय. माझं घड्याळ कोणी तपासलं नव्हतं. चूक माझी आहे." मग तिला म्हणाले, "मुकादम, रोज सकाळी फाटकाशी घड्याळ मिळवत जाऊ. बोल, चालेल?" मुकादम हे नाव त्यांना सांगितलं कोणी? बायको खाली बघत होती. म्हणजे हिनेच!

"चालेल," मुकादम म्हणाली. "पाच. मामांना चहाला वेळ द्यावा. चौथ्या आणि पाचव्या घंटेच्या मध्ये जागा आहे."

आता सगळेच हसले. मामा सगळ्यात जास्त.

मग तिने मनगटाकडे पाहिलं. "आवाज. दहा सेकंद." कानांवर हात ठेवले. खरोखर घंटा झाली! मामांनी आज बटणापाशी दुसऱ्याला बसवलं होतं आणि मोबाइलवर बघून अगदी वेळेवर वाजवायला बजावून ठेवलं होतं म्हणे. ती बसली नाही. रडली नाही. डोळे मिटून उभी राहिली, हात खाली घेतले, आणि पहिल्यांदा कोणाकडे तरी सरळ पाहिलं. माझ्याकडे. ती कोणाकडे बघत नाही! मी तोपर्यंत भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो होतो. खुर्चीवरून कधी उठलो ते आठवत नाही.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "तिला जमेल. आता आम्हाला जमवावं लागेल." प्रवेश! पाचही पानं फाइलला लागली, सुटी. फॉर्मही त्यांनी ठेवून घेतला. काही दुरुस्ती असेल तर सोळा तारखेपर्यंत करता येईल म्हणाल्या.

घरी येताना बायको रस्त्यातच रडायला लागली आणि मुकादमाने तिला विचारलं, "हे चांगलं रडणं आहे की वाईट?" चांगलं, बाई, चांगलं. मला अभिमान वाटतोय. इतका की तो ठेवायला जागा नाही. दुकानात जाऊन आरोळी ठोकली. 'आवाज' म्हणून!

४ मे, रविवार

मुकादम दुकानात बसली होती. मी एका जुन्या नकाशांच्या पुस्तकाला नवी पाठ लावत होतो. मध्येच तिने विचारलं —

"बाबा, तुझ्या शाळेत 'आवाज' कोण म्हणायचं?"

हातातला ब्रश तसाच राहिला. खळ टपकली पुस्तकावर. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मग तू काय करायचास?"

"जिन्याखाली जाऊन बसायचो."

"आणि मग?"

"मग शाळा सोडली."

तिने 'बरं' म्हटलं. तिचं 'बरं' म्हणजे ऐकलं, नोंदलं. वाईट वाटलं वगैरे ती म्हणत नाही. घरात गेली, आणि ती चार पानं घेऊन आली. चौथ्या गठ्ठ्यातली. कडेला दोन भोकं पाडून दोरा ओवलेला, सैल गाठ.

"घट्ट नाही बांधलं," म्हणाली. "तुला अजून घालायची असतील."

वाचली परत. भिंतीला पाठ. दार दिसायला हवं. घंटेच्या आधी बाहेर. मागून हाक नको. माझंच अक्षर. दुकानाकडे पाहिलं : माझं टेबल भिंतीला लावलेलं, समोर दार, यंत्र एकही नाही. हे मी कोणासाठी मांडलं होतं? ती तेव्हा जन्मलीही नव्हती!

द्वाड नव्हतो मी. छत्तीस वर्षांनी कळतंय. मास्तर गेले, आईबाप गेले, आता कोणाला जाऊन सांगू? बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला लग्नाआधीपासून माहीत होतं. मला वाटलं, तुलाही माहीत असेल." मग जवळ बसून राहिली. खूप वेळ.

९ मे, शुक्रवार

आक्काला फोन केला. त्या दिवसाबद्दल माफी मागितली. विचारलं, जिन्याखालून मला बाहेर कोणी काढलं होतं? म्हणाली, "मीच. तासभर तुझ्याजवळ बसले होते. तू काही बोलत नव्हतास, मग मीही बोलले नाही." हे मला आठवत नव्हतं.

१६ मे, शुक्रवार

मुकादमाला मामांशी घड्याळ मिळवायचं होतं, म्हणून शाळेत गेलो. फाटकाशी तिने मनगटाकडे पाहिलं, माझा हात धरला. "बाबा, आवाज. दहा सेकंद." घंटा झाली. मी तिथेच उभा होतो.

मग समुपदेशक बाईंकडून फॉर्म परत मागून घेतला. रकाना चौदा. 'नाही' खोडलं. 'मी' लिहिलं.